ध्वजाच्या रंगांची वांटणी

आपल्या राष्ट्रध्वजाचे रंग मुलांस समजावून देतांना पुष्कळ घरीं व कांहीं वर्गांतहि एक सोपा हिशेब सांगितला जातो : केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, आणि पांढरा उरलेल्या सर्वांचा. आमच्यासारख्या शाळेंत, जेथें नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, तेथें तरी हा हिशेब शिकविला जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा हिशेब अगदींच निराधार आहे असें मात्र नव्हे. १९२१ सालीं बेझवाडा येथें पिंगळी वेंकय्या यांनीं गांधीजींपुढें ध्वजाचा जो नमुना ठेवला, त्यांत तांबडा रंग हिंदूंसाठीं व हिरवा मुसलमानांसाठीं होता. इतर समाजांकरितां पांढरा पट्टा गांधीजींच्या सूचनेनें आला. परंतु वांटणी एकदां सुरू झाली कीं ती थांबावी कोठें? शिखांनीं आपलाहि रंग मागितला, आणि ती मागणी त्या तर्कास धरूनच होती. हा वाद मिटविण्याकरितां १९३१ सालीं काँग्रेसनें सात जणांची समिति नेमली; तींत आपले काकासाहेब कालेलकर हेहि होते. सबंध केशरी ध्वजावर चरखा असावा, अशी समितीनें शिफारस केली. ऑगस्टमध्यें मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीनें ती अमान्य करून केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे ठरविले. आणि त्यांस जातीय अर्थ नाहीं, हेंहि ठरावांतच नमूद केलें. केशरी धैर्य व त्याग यांचा, पांढरा शांति व सत्य यांचा, हिरवा श्रद्धा व शौर्य यांचा.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें ध्वज स्वीकारला, तेव्हां चरख्याच्या जागीं अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभावरील चक्र आलें. चरखा एका बाजूनें सुलट तर दुसऱ्या बाजूनें उलट दिसतो, ही अडचण पंडित नेहरूंनीं तेथें सांगितली. (आम्हांस हें साधें कारण फार आवडतें.) डॉ. राधाकृष्णन् यांनीं त्याच दिवशीं हिरव्या रंगाचा संबंध माती व वनस्पति यांच्याशीं जोडला.

कोणी म्हणेल, मुलांस 'त्याग' कळत नाहीं, 'हिंदु-मुसलमान' चटकन् कळतें. कळतें खरें; पण पांढरा पट्टा आपला म्हणून एखादा ख्रिस्ती मुलगा हरखला, तर त्यावरील चक्र कोणाचें, हें सांगण्याची पाळी शिक्षकांवर येईल. त्यापेक्षां चित्रकलेच्या तासास ध्वज रंगविण्यापूर्वीं १९३१ चा ठराव वाचून दाखवावा. त्यास पांच मिनिटेंहि लागणार नाहींत.