समालोचक नेहमी आपल्याच विरुद्ध का बोलतो?

एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यांना टर्नर कंपनीने एक प्रयोग केला. तोच सामना तीन वाहिन्यांवर तीन तऱ्हांनी दाखवला. टीबीएसवर नेहमीचे तटस्थ समालोचन. टीएनटी आणि ट्रूटीव्हीवर मात्र एकेका संघाच्या बाजूने बोलणारे समालोचक मुद्दाम बसवलेले. हे आधी जाहीरही केले होते. तरी कित्येक प्रेक्षक नकळत प्रतिस्पर्ध्याच्या वाहिनीवर जाऊन बसले आणि समाजमाध्यमांवर ओरड सुरू झाली, की हा कसला उघड पक्षपात! त्या रात्री ते चूक नव्हते. समोरचा समालोचक खरोखरच एकतर्फी बोलत होता. त्याच कामासाठी त्याला बसवले होते. पण हीच ओरड, जवळपास याच शब्दांत, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात दर शनिवारी तटस्थ समालोचकांविरुद्धही होते. खऱ्या पक्षपाताची तक्रार आणि काल्पनिक पक्षपाताची तक्रार, दोन्ही ऐकणाऱ्याला सारख्याच वाटतात. चाहत्यांनी समालोचकाला जोखू नये, असे कुणी म्हणणार नाही. मात्र ‘तो आमच्या विरुद्ध होता’ हा त्यांचा सर्वांत आवडता निकाल पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि त्याच्या गोंगाटात जे खरोखर तपासता येण्यासारखे असते ते राहून जाते.

अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल समजून घेताना आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणून चालत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखावर प्रेक्षक मावतात. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट किंवा अलाबामा विरुद्ध ऑबर्न या सामन्यांवर माणसे वर्षभर बोलत असतात. टीव्हीवर अशा सामन्याला मुख्यतः दोघे बोलतात: एक धावते वर्णन करणारा, दुसरा विश्लेषक. विश्लेषक बहुधा माजी खेळाडू असतो, म्हणजे कुठल्यातरी विद्यापीठाचा असतोच, आणि तिथेच संशयाला तोंड फुटते. ईएसपीएनचा कर्क हर्बस्ट्रीट ओहायो स्टेटचा माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार खेळाडू. इतरांच्या मते तो साहजिकच ओहायोचा माणूस. पण ओहायोच्याच काही मोजक्या, आवाजी चाहत्यांना तो पुरेसा ‘आपला’ वाटेना. त्यांच्या सततच्या टीकेला कंटाळून 2011 मध्ये त्याने कुटुंबासह ओहायो स्टेटचे कोलंबस शहर सोडून नॅशव्हिल गाठले, आणि कारणही लपवले नाही. सीबीएसचा गॅरी डॅनियलसन 2006 पासून अनेक वर्षे दक्षिणेतल्या एसईसी गटाचे सामने सांगत होता. तो स्वतः उत्तरेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा, म्हणजे या भांडणात त्याचे सोयरसुतक काहीच नव्हते. तरीही एसईसीतल्या जवळपास प्रत्येक संघाच्या चाहत्यांची खात्री होती, की हा माणूस नेमका आपल्यावरच खार खाऊन आहे.

हे सगळे चाहते खोटे बोलत नसतात, आणि गोष्ट खरी अवघड होते ती इथेच. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात हंगामातला शेवटचा सामना झाला. प्रिन्स्टनने तो 13-0 असा जिंकला, पण खेळ भलताच धसमुसळा झाला. प्रिन्स्टनचा लाडका खेळाडू डिक काझमायर नाक फुटून बाहेर गेला, तर पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. दोन्ही विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत जुंपली. त्यातून ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांना अभ्यासाचा विषय सुचला. त्यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग नोंदवायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे सरासरी 9.8 आणि स्वतःच्या संघाचे 4.2 नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःचे 4.3 आणि प्रिन्स्टनचे 4.4. त्यांच्या 1954 च्या निबंधात आणखी एक मासला आहे. डार्टमथच्या दूर राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने हीच फिल्म आधी पाहून घेतली. ज्याची एवढी बोंबाबोंब झाली ती दांडगाई त्याला कुठे दिसेचना. तेव्हा त्याने तार ठोकली: महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तुकडा विमानटपालाने पाठवा, जोडायचे साहित्य इथे आहे! या माणसाने फिल्म डोळे उघडे ठेवून पाहिली होती, यात शंका नाही.

या फिल्मच्या वेळी समालोचकाचे बोलणे हा वादाचा विषयच नव्हता. वाद होता तो दिसण्याचा. जे डोळ्यांचे, तेच कानांचे. 1985 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 1982 च्या बैरूत हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. त्याच बातम्या दोन्ही गटांना आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. पक्का समर्थक स्वतःच्या बाजूला सत्य समजत असतो. त्यामुळे मधोमध उभा राहिलेला माणूस त्याला पलीकडे सरकलेला दिसतो. यावर समालोचकांचे पाठीराखे एक ठरलेले वाक्य टाकतात: दोन्ही बाजू शिव्या देतात, म्हणजे माणूस चोख काम करतो आहे. हेही तितकेच पोकळ आहे. अडाणी, आळशी समालोचकालाही दोन्ही बाजू शिव्या देतील, आणि एका बाजूला थोडा झुकलेल्यालाही देतील. तक्रारींची बेरीज-वजाबाकी करून त्यातून काही निघत नाही.

मग समालोचनात पक्षपात नसतोच का? असतो, पण तो सापडला मोजणी करणाऱ्यांना. 1970 च्या दशकापासून अमेरिकेतल्या अभ्यासकांनी फुटबॉलच्या प्रक्षेपणांतले शब्द उतरवून घेतले, कोणत्या खेळाडूसाठी कोणती विशेषणे येतात ते पाहिले. अनेक अभ्यासांत एकच गोष्ट पुढे आली: गोरा खेळाडू यशस्वी झाला तर त्याची हुशारी आणि मेहनत, कृष्णवर्णीय यशस्वी झाला तर त्याची उपजत ताकद आणि वेग. समालोचकांनी हे जाणूनबुजून केले असेलच असे नाही, पण झुकाव शब्दांत होता आणि तो आकड्यांत पकडता आला. शनिवारच्या ओरडीत याचा मागमूस नसतो. कारण हा झुकाव संघासंघांमधून जात नाही, दोन्ही संघांच्या आतून जातो. चाहत्याचे कान फक्त स्वतःच्या संघाच्या नावाला टवकारलेले. बाकीचे त्याच्या कानांवरून निघून जाते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. समालोचनाचा परिणाम होतो, तेव्हा त्यावर नजर ठेवायलाच हवी. 1977 मध्ये आइस हॉकीच्या दृश्यांवर झालेल्या एका प्रयोगात, समालोचक दांडगाईवर भर देत असेल तर साधा खेळही प्रेक्षकांना रासवट वाटला, इतका की खरोखरचा रासवट खेळ त्यापुढे सौम्य वाटावा. मुद्दा मान्य. पण नजर ठेवायची म्हणजे काय करायचे? विश्लेषक म्हणाला की तो टॅकल नियमबाह्य होता, तर नियम काय सांगतो, पंचांनी काय दिले आणि पुन्हा दाखवलेल्या दृश्यात हेल्मेट कुठे लागले, हे तिन्ही पाहता येते. ‘त्याच्या आवाजातच आमच्याबद्दल आकस होता’ हे पाहता येत नाही.

चांगले काम कसे ओळखायचे, याचा नमुना म्हणून 30 नोव्हेंबर 2013 चा ऑबर्न-अलाबामा सामना पुन्हा ऐकावा. बरोबरी 28-28. वेळ संपली असे वाटत असतानाच पंचांनी चित्रीकरण तपासून घड्याळात एक सेकंद परत टाकला. अलाबामाने 57 यार्डांवरून गोलखांबांमधून किक मारायचे ठरवले. ऑबर्नच्या रेडिओवर रॉड ब्रॅम्ब्लेट बोलत होता. तो ऑबर्नचा पगारी माणूस, ऐकणाऱ्याला हे माहीत, त्यात लपवाछपवी काही नाही. पण किक होण्याआधीच त्याने सांगून टाकले, की ख्रिस डेव्हिस एकटा मागे, मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये जाऊन उभा राहतो आहे, आणि किक तोकडी पडली तर तो ती झेलून पळू शकेल. किक तोकडीच पडली. डेव्हिसने ती झेलली आणि डाव्या कडेने अख्खे मैदान पार करून ऑबर्नला 34-28 जिंकून दिले. पुढचा ब्रॅम्ब्लेटचा आरडाओरडा जगभर वाजला. पण कसब होते ते त्या आधीच्या साध्या वाक्यात. मोटार चालवत ऐकणाऱ्या माणसाला मागे कोण उभा आहे हे त्यामुळे कळले होते. नाहीतर पुढच्या किंकाळ्या कशाबद्दल, हेच त्याला उमगले नसते. सीबीएसवर व्हर्न लंडक्विस्टने उलट केले. धाव पूर्ण होईपर्यंत मोजके शब्द, नियमभंगाचा पिवळा झेंडा पडलेला नाही ही अत्यावश्यक बातमी, टचडाउनची घोषणा, आणि मग बराच वेळ शांतता. डॅनियलसनही गप्प. मैदानात उतरलेली गर्दी आणि तिचा आवाज, एवढेच टीव्हीवर. चित्र सगळे सांगत असताना आपण बोलून भर काय घालणार, हे त्या दोघांना कळत होते. एकजण उघड पक्षपाती, दुसरा तटस्थ, दोघेही अव्वल. पक्ष कुठला आणि काम कसे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा सामना क्वचितच मिळेल.

 

चाहत्यांच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे. अमेरिकेत अव्वल श्रेणीत 130 हून अधिक कॉलेज संघ आहेत. राष्ट्रीय वाहिनीची जोडी एका संघाकडे हंगामात दोन-चार वेळा येते. चाहता मात्र राखीव खेळाडूंच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांसकट सगळे पाठ करून बसलेला असतो. खेळाडूचे नाव चुकणे, दुखापतीची बातमी शिळी असणे, गेल्या आठवड्यात बदललेली बचावाची रचना माहीत नसणे, मैदानात खेळ चालू असताना भलत्याच प्रसिद्ध खेळाडूची गोष्ट सांगत बसणे, या तक्रारी नेमक्या असतात आणि बहुधा खऱ्या. शोकांतिका अशी, की त्याच चाहत्याने त्याच दमात पक्षपाताचा आरोप केलेला असतो. मग वाहिनीला सगळेच एका टोपलीत टाकून देता येते.

पक्षपाताच्या तक्रारीचा दबाव कसा असतो, हे क्रिकेटमुळे आपल्यालाही ठाऊक आहे. मार्च 2016 मध्ये टी-20 विश्वचषकाच्या भारत-बांगलादेश सामन्यानंतर, भारतीय समालोचकाने दुसऱ्यांपेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावे, असे अमिताभ बच्चन यांनी ट्विट केले आणि कर्णधार धोनीने त्याला दुजोरा दिला. काही दिवसांतच हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचकांतून वगळले गेले. कारण अधिकृतपणे सांगितले गेले नाही, त्यामुळे दोन घटना जोडून निष्कर्ष काढणे बरोबर नाही. पण ‘आपला माणूस आपल्याबद्दल बोलत नाही’ ही तक्रार मान्य करायची, तर तटस्थपणा हाच दोष ठरतो, एवढे त्या ट्विटवरून स्पष्ट होते.

उरतो सर्वांत जड आक्षेप: पैसा. वाहिन्या नुसत्या प्रेक्षक नाहीत, भागीदार आहेत. बिग टेन या दुसऱ्या गटाच्या नेटवर्कची बहुसंख्य मालकी फॉक्सकडे आहे. एसईसी नेटवर्क ईएसपीएनने 2014 मध्ये सुरू केले आणि 2024 पासून त्या गटाच्या सामन्यांचे हक्कही एकट्या तिच्याकडे आले. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफचे हक्क तिचेच. डिसेंबर 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकूनही चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला गेला आणि एक सामना हरलेल्या, एसईसीतल्या अलाबामाला जागा मिळाली, तेव्हा वाहिनीवर संशयाचा भडिमार झाला. निवड समिती वेगळी, वगळलेल्या संघाचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता हे खरे, आणि फ्लोरिडा स्टेट ज्या एसीसी गटात होता त्याचे हक्कही ईएसपीएनकडेच होते, म्हणून कटाचा सिद्धान्त तितका सरळ बसत नाही. पण हितसंबंधाचा प्रश्न उरतोच. आणि तो विचारताना आवाजाच्या चढउतारात आकस शोधावा लागत नाही. करार छापील असतात, मालकी नोंदलेली असते. कोणता सामना रात्रीच्या मोक्याच्या वेळी ठेवला, क्रमवारीच्या चर्चेत कोणत्या गटाला किती मिनिटे दिली, हे कुणालाही मोजता येईल. विश्लेषक कुठल्या कॉलेजात शिकला याचा काथ्याकूट करण्यात चाहत्यांची जेवढी शक्ती जाते, तिच्या चौथाईत हे काम होईल. तेव्हा त्यांनी एकच मागणी लावून धरावी: क्रमवारीवर चर्चा सुरू होण्याआधी, कोणत्या गटांचे हक्क आपल्याकडे आहेत, हे वाहिनीने दर वेळी टीव्हीवरच सांगावे.