आवाज ओळखीचा, पण माणूस तोच का?

सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कात कॅसेटची दुकाने लागत, तेव्हा आम्ही मित्रमंडळी एक खेळ खेळायचो. भोंग्यावर गाणे लागले की गायक ओळखायचा. प्रल्हाद शिंदे पहिल्या ओळीलाच ओळखू येत. आनंद की मिलिंद, इथे मात्र पैजा लागत. सख्खे भाऊ, एकाच घरात घडलेले गळे! आमच्यातले भलेभले छातीठोकपणे चुकत.

पैज हरली तर चहाचे पैसे जातात. कोर्टात अशी चूक झाली तर माणूस आत जातो.

मुंबईतलाच खटला घ्या. १९६४ साली शहराच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप झाला. फोनला टेपरेकॉर्डर जोडून त्यांचे बोलणे टिपले गेले. हा मलकानी खटला. सुप्रीम कोर्टाने १९७२ साली ती टेप पुरावा म्हणून मानली, पण अटी घातल्या: बोलणे प्रकरणाशी संबंधित हवे, आवाज कोणाचा ते ओळखलेले हवे आणि टेपमध्ये खाडाखोड नको.

आवाज ओळखायचा कसा? संशयिताकडून टेपमधले शब्द येतील असा मजकूर बोलून घेतात. मग तज्ज्ञ कानाला हेडफोन लावून दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. स्वर किती लांबतो, श्वास कुठे घेतला, वाक्याच्या शेवटी सूर चढतो की पडतो. यंत्रावर आवाजाचा आलेखही काढतात. त्यात फोन दगा देतो. साध्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. 'स'ची धार त्याच्या वर असते, म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांची गफलत होते. शिवाय सर्दी झालेला, घाबरलेला, ओरडणारा माणूस स्वतःसारखाही बोलत नाही.

आम्हाला खरी भीती वेगळीच वाटते. परळ-लालबागच्या चाळींत कितीतरी घरे रत्नागिरीकडची. हेल एक, 'पाणी'चे 'पानी' एक. बाहेरचा ऐकणारा म्हणेल, दोन्हीकडे 'पानी' आहे, म्हणजे माणूस तोच. अहो, अख्खी चाळ 'पानी' म्हणते! याच 'न'वरून शाळेत आपल्या पोरांना हसत. आता त्यावरून संशय नको. दोन आवाज किती जुळतात एवढेच पाहून भागत नाही. असे बोलणारे त्या वस्तीत आणखी किती आहेत, हेही पाहावे लागते. त्यासाठी ऐकणाऱ्याला त्या वस्तीची बोली ठाऊक हवी.

सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालापासून आवाजाचा नमुना देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेतच ती तरतूद आहे. पण चौकीत कोणी मोबाइल पुढे धरून 'बोल' म्हटले, तर तो कोर्टाचा हुकूम नव्हे. आधी वकील गाठावा.

आणि अहवालात 'आवाज जुळतो' असे आले, तर वकिलाला एक प्रश्न विचारायला जरूर सांगावे: ऐकण्यापूर्वी तज्ज्ञाला संशयिताचे नाव आणि आरोप सांगितला होता का? कारण 'हा आनंद हं' असे सांगून मिलिंदचे गाणे लावले, की आमच्यातल्या निम्म्यांना आनंदच ऐकू यायचा.