जे आपले नाही, ते मोफत कसे?

कॅनडातील शाळांत सध्या दोन विषय शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. एक, संगणकासाठी आज्ञा लिहिण्याची विद्या, जिला सर्वत्र कोडिंग म्हणतात. दुसरा, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे वाङ्मय. ऑन्टारिओ प्रांताने २०२० साली गणिताच्या अभ्यासक्रमात पहिल्या इयत्तेपासून कोडिंग घातले. टोरोंटोच्या शाळामंडळाने २०२३ साली अकरावीच्या इंग्रजीत आदिवासी लेखकांचा अभ्यास सक्तीचा करण्याचा ठराव केला. दोहोंसाठी पाठ व मार्गदर्शिका इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. गरिबाच्या मुलास विद्या विनामूल्य मिळावी, याविषयी वाचकांचे व आमचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एकच शब्द दोन भिन्न वस्तूंना लावला गेला की वकिलाची लेखणी थबकते.

स्क्रॅच या साधनाचेच पाहा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ते मुलांसाठी खुले केले. रंगीत ठोकळे जोडून मूल चित्रांना चालते-बोलते करते. पैसा लागत नाही. मात्र मुलाने आपले काम तेथे जगापुढे मांडले की, त्याच्या नियमांप्रमाणे ते कोणासही घेता, बदलता व पुन्हा प्रसिद्ध करता येते. स्वतः रचलेल्या खेळाबाबत हे ठीकच आहे. पण शिक्षकाने एखाद्या आदिवासी कुळाची डोमकावळ्याची कथा वर्गास दिली आणि मुलांनी तिचे चलच्चित्र करून तेथे मांडले, तर तो परवाना दिला कोणी? जे आपल्या मालकीचे नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे कायद्याचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात.

कोणी म्हणेल, लोककथेला कसला मालक? वाचकहो, येथेच इतिहास आड येतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अनेक जमातींत कथा, गीत व नृत्य ही विशिष्ट घराण्यांची मत्ता असते, आणि तिचा वारसा पॉटलॅच नावाच्या समारंभात साक्षीदारांसमक्ष दिला जातो. म्हणजे तो त्यांचा दस्तऐवजच! कॅनडा सरकारने १८८५ पासून त्या समारंभास गुन्हा ठरविले. १९२१ सालच्या एका समारंभावरून माणसे तुरुंगात गेली. त्यांचे मुखवटे व अलंकार संग्रहालयांत गेले. १९२७ साली तर जमिनीचे दावे लढविण्यासाठी सरकारी संमतीवाचून वर्गणी गोळा करणेही गुन्हा झाले. ही बंधने १९५१ साली सुटली. साक्ष बंद, वकील बंद. आणि मग म्हणावयाचे की यांच्या कथेला धनी नाही!

लेखाधिकाराचा कायदाही येथे अपुरा पडतो. तो लेखकाच्या मृत्यूपासून वर्षे मोजतो. कॅनडात २०२२ च्या अखेरीपर्यंत ५०, त्यानंतर ७०. जे पिढ्यान्‌पिढ्या घराणे सांगत आले, त्याच्या लेखकाची मृत्युतिथी कोठून आणावी?

उपाय नाही असे मात्र नाही. ब्रिटिश कोलंबियात २००३ पासून फर्स्टव्हॉइसेस नावाचा भाषासंग्रह चालतो. तेथे कोणता शब्द, कोणती कथा जगाला दाखवावी व कोणती आपल्यापुरती ठेवावी, हे त्या त्या जमातीचे लोक ठरवितात. त्याच प्रांतातील आदिवासींच्या शिक्षणसंस्थेने शिक्षकांसाठी विनामूल्य मार्गदर्शिका काढल्या आहेत. पुस्तक आदिवासींनी स्वतः लिहिलेले किंवा त्यांच्या भरीव सहभागाने झालेले असावे, असा त्यांचा कटाक्ष आहे. तेथे देणारा स्वतः देतो, म्हणून ते दान आम्हांस मान्य आहे.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडता येणार नाही. आपला १९५७ चा कायदाही मृत्यूनंतरची ६० वर्षेच मोजतो. डहाणूच्या पाड्यावरील वारली आजी त्या मोजमापात बसत नाही. उद्या तेथील शिक्षक हेच साधन वर्गात आणील, आणि त्याने ते अवश्य आणावे. मुलांनी आपल्या मनची गोष्ट रचून खुशाल जगापुढे मांडावी. पाड्यावरची गोष्ट घ्यावयाची असेल, तर आधी पाड्यावर जाऊन विचारावे. होकार मिळेपर्यंत ‘शेअर’ची कळ दाबू नये, न दाबताही चित्र वर्गात चालते, बोलते आणि शिकविते.