भाड्याचा अनुभव

‘मी स्वतः वापरून पाहिलंय’ असं वाक्य मोबाईलवर ऐकू आलं की मी तो बंद करतो. मराठीतल्या या साध्या, प्रामाणिक वाक्याचा सध्या बाजार मांडला गेला आहे आणि त्या बाजाराची किंमत माझ्या घरानं मोजली आहे.

माझे मामा रावेर तालुक्यात केळी लावतात. त्यांच्या मृगबागेत हरण्या शिरला. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड दिसताक्षणी मुळासकट उपटून नष्ट करायचं, रोग पसरवणारा मावा आटोक्यात ठेवायचा आणि बागेच्या आसपास काकडीवर्गीय वेली लावायच्या नाहीत, एवढंच हातात असतं. मामांना हे पाठ होतं. पण एका रात्री त्यांच्या मोबाईलवर शेजारच्या तालुक्यातला एक शेतकरी आला. हिरव्यागार बागेत उभा होता आणि आपल्याच बोलीत सांगत होता, ‘हरण्यानं माझी बाग गेलीच होती. या टॉनिकच्या तीन फवारण्या मारल्या आणि बाग उभी राहिली.’

मामांनी बाटल्या आणल्या आणि रोगट झाडं तीन आठवडे तशीच उभी ठेवली. मावा आपलं काम करत राहिला. शे-दीडशे झाडं उपटून भागलं असतं, तिथं अर्धी बाग उपटावी लागली. पुढे एका लग्नाच्या पंगतीत तोच माणूस समोर आला. मामांनी विचारलं, ‘भाऊ, खरं सांग, तू मारलं होतं का ते?’ त्यानं मान खाली घातली. म्हणाला, ‘नाना, बाग दुसऱ्याची होती. मला फक्त बोलायचे पाच हजार मिळाले.’

पाच हजारांत त्यानं ‘मी’ हा शब्द विकला. जाहिरातीवर शेतकरी सहजी भुलत नाही. भिंतीवर रंगवलेलं बियाण्याचं नाव वाचताना त्याला कळतं की हे विकणाऱ्याचं बोलणं आहे. पण शिरपूर-शिंदखेड्याकडे कपाशीचं वाण ठरतं ते ओट्यावर, चहाच्या टपरीवर, बांधावर. तिथं सांगणाऱ्याचं शेत डोळ्यांसमोर असतं. तो खोटं बोलला तर दसऱ्यापर्यंत त्याची बोंडंच त्याला उघडं पाडतात, आणि मग गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. त्या विश्वासाला हे तारण होतं. मोबाईलवरच्या भाडोत्री अनुभवानं ओट्याची भाषा उचलली आणि तारण मात्र गायब केलं. भरताच्या ढाब्यापासून शिकवणी वर्गांपर्यंत आणि दवाखान्यांपासून मंगल कार्यालयांपर्यंत आज हेच चाललं आहे.

मला याची चीड येते, कारण स्वतःचं सांगणं कसं असावं याचे धडे याच खान्देशात गिरवले गेले आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. त्याचा वाचक त्याच छपराखाली राहत होता. मुलांच्या खोल्या झाडणारे गुरुजी त्यानं पाहिलेले असत. लिहिणं आणि वागणं यांत फट पडली असती, तर ती पहिल्यांदा त्या पोरांना दिसली असती. पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पोहायला जायच्या भीतीनं माळ्यावर लपणारा श्याम त्यांनी त्यात झाकून ठेवला नाही. स्वतःच्या अंगाशी येणारं सांगणाऱ्या माणसावर वाचक विश्वास टाकतो. आजच्या ‘माझा अनुभव’मध्ये सांगणाऱ्याच्या अंगाशी येणारं काहीच नसतं. फसलेली फवारणी, बुडालेला हंगाम, चुकलेला अंदाज यांतलं काही त्यात सापडत नाही. जिथं एकदाही चूक कबूल केलेली नाही, तिथं अनुभव नाही, माल आहे.

कुणी म्हणेल, स्वतःचा चेहरा, स्वतःचा आवाज आहे, मग अस्सल का नाही? त्यांनी आसोद्याच्या बहिणाबाईंकडे पाहावं. जळगावच्या चौधरी घराण्यातल्या या सुनेला अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर बसताना सुचलेली गाणी त्यांनी स्वतः कागदावर उतरवली नाहीत. ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी पुस्तकावर नाव आलं आईचं, आणि गाणी कुणी रचली, कुणी टिपली, हे लोकांपुढे स्वच्छ ठेवलं गेलं. हात दुसऱ्याचा होता, अनुभव स्वतःचा होता आणि लपवाछपवी नव्हती, म्हणून ती अक्षरं अस्सल. इथं तोंड स्वतःचं, बाग दुसऱ्याची, शब्द कंपनीचे आणि मोबदला गुप्त. हे खोटं आहे. त्याला दुसरं नाव नाही.

‘शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं?’ असंही मला ऐकवलं गेलं आहे. मिळू देत. जाहिरात करणं गुन्हा नाही. जाहिरात लपवणं मात्र कायद्यानंही चुकीचं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपनीशी असलेलं देण्याघेण्याचं नातं उघड करणं बंधनकारक केलं आहे. पण मामांची अर्धी बाग कुठल्याही दंडातून परत येत नाही. आणि खोटा अनुभव ऐकून ज्याचं नुकसान होतं तोही शेतकरीच असतो, हे चार पैशांची बाजू घेणारे सोयीस्कर विसरतात.

धुळ्यात 1926 च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्या शहरात आजही उभं आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढणाऱ्या या माणसानं गावोगावची दप्तरं धुंडाळली आणि बखरीतल्या रंगवलेल्या हकिकतीपेक्षा त्या काळच्या अस्सल पत्राला मोठं मानलं. कागद हाती आला की तो कुणी लिहिला, कुणाला लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, हे आधी तपासायचं, ही शिस्त त्या वाटेनं आपल्याकडे आली. धुळे-जळगावच्या माणसानं तरी ती विसरू नये.

म्हणून जे स्वतःचे अनुभव लोकांपुढे मांडतात त्यांना माझं सांगणं आहे. पैसे घेतले असतील, बाटली फुकट मिळाली असेल, दुकानदार मेहुणा असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा, शेवटी बारीक अक्षरात नको. बाग तुमची नसेल तर तिथं उभे राहू नका. आणि जे ऐकतात त्यांनी विचारावं: गट नंबर कोणता? लागवड कधीची? बाग पाहायला येऊ का? खरा शेतकरी म्हणेल, ‘या, चहा घेऊन जा.’ जो बांधावर येऊ देत नाही, त्याचं औषध तुमच्या बांधावर येऊ देऊ नका.