सोबतीची वाट

हें जग म्हणजे वाटेवरची धर्मशाळा, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. ख्रिस्ती धर्मानेंहि ती आपल्या परीनें मांडिली आहे. नव्या करारांतील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत श्रद्धावंतांना पृथ्वीवरील परके व प्रवासी म्हटलें आहे. त्यांचें खरें नगर पुढें आहे. परंतु घर हा केवळ एक मुक्काम असें म्हटलें, कीं कोणतीहि गृहिणी विचारील, 'मग घरच्या माणसांचें काय?' या प्रश्नाचें एक विचार करण्याजोगें उत्तर जॉन बन्यन या इंग्रज ग्रंथकाराच्या लेखनांत सांपडतें.

बन्यन (१६२८-१६८८) हा बेडफर्डजवळच्या खेड्यांतला, भांडीं सांधणारा कारागीर. राजमान्य चर्चच्या बाहेर धर्मोपदेश केल्याबद्दल १६६० सालीं त्याला कैद झाली. 'पुन्हां उपदेश करणार नाहीं' एवढें वचन दिलें असतें, तर तो सुटला असता. तें त्यानें दिलें नाहीं व सुमारें बारा वर्षें तुरुंगांत काढिलीं. घरीं दुसरी पत्नी एलिझाबेथ आणि पहिल्या पत्नीचीं चार मुलें; त्यांतली थोरली मुलगी आंधळी. तुरुंगांत बसून नाडे तयार करून तो त्यांच्या पोटाला हातभार लावी. त्या मुलीच्या आठवणीनें जीव कसा तुटे, हें त्यानें आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे.

अशा मनुष्यानें १६७८ सालीं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हें रूपक प्रसिद्ध केलें. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं 'यात्रिक क्रमण' या नांवानें तें मराठींत आणिलें. त्याचा नायक नाशवंत नगर सोडून स्वर्गीय नगराकडे निघतो. बायकामुलांना त्यानें आधीं विनविलेलें असतें, पण त्यांना तें वेड वाटतें. निघतांना तीं हांका मारितात आणि हा कानांत बोटें घालून धांवत सुटतो. संसारी वाचकाला हा प्रसंग बोचल्यावांचून राहत नाहीं.

सहा वर्षांनीं, १६८४ मध्यें, दुसरा भाग निघाला. त्यांत नायकाची पत्नी चार मुलगे व शेजारची एक तरुणी यांच्यासह त्याच वाटेला लागते. वाट तीच, पण चाल निराळी. चढणीवर मुलें दमतात, तेव्हां सर्वांना थांबावें लागतें. पुढें एक दुर्बळ मनाचा मनुष्य भेटतो. आपल्यामुळें इतरांचा खोळंबा होईल, या भीतीनें तो मागें राहूं पाहतो. वाटाड्या त्याला सांगतो, कीं दुर्बळांना सांभाळून नेणें हेंच माझें काम. कुबड्यांवर चालणारा आणखी एकजण त्यांना येऊन मिळतो. शेवटीं मृत्यूची नदी लागते. आई सर्वांचा निरोप घेऊन पार होते. मुलगे व त्यांचीं कुटुंबें अलीकडच्या तीरावर राहतात आणि त्यांचा प्रवास पुढें चालूं राहतो.

पहिल्या भागांतील वैराग्य खोटें नाहीं. सत्यासाठीं प्रसंगीं मनुष्याला एकट्यानेंच निघावें लागतें. परंतु दुसऱ्या भागावांचून तें अपुरें आहे. मुक्काम थोडा, म्हणून सोबत्यांचें ऋण हलकें होत नाहीं. तें फेडावयास वेळ थोडा, एवढाच त्याचा अर्थ. घरांत कोणाची चाल मंद झाली असेल, कोणी अंथरुणाला खिळलें असेल, तर यात्रा तेथेंच चालली आहे. धर्मशाळेंत एकच रात्र काढावयाची असली, तरी शेजारच्या दुखणाइताला उठून पाणी देणारा आणि पांघरूण डोक्यावर ओढून निजणारा, हे दोघे प्रवासी सारखे कसे ठरतील?