दोन दारें आणि एक घुमट

इटलींतील फ्लॉरेन्स नगरींत सन १४०१ मध्यें कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें बाप्तिस्मा-मंदिराच्या कांशाच्या दारासाठीं कारागिरांची स्पर्धा लाविली. विषय बायबलांतला : ईश्वराज्ञेनें अब्राहाम आपल्या पुत्रावर सुरी उगारतो आणि देवदूत त्याचा हात थांबवितो. चिलया बाळाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांबाळांस त्या पित्याच्या मनाची कालवाकालव समजावून सांगावी लागणार नाहीं.

सात स्पर्धकांत लोरेन्झो गिबर्ती हा सावत्र बापाजवळ सोनारकाम शिकलेला, सुमारें २३ वर्षांचा तरुण होता. मेणाची आकृति करावी, तीवर मातीचा लेप द्यावा, मेण वितळवून त्या पोकळींत धातुरस ओतावा, ही ओतकामाची रीत. आपल्याकडेही चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ती वर्णिली आहे. गिबर्तीचा फलक बहुतांशीं एकसंध ओतलेला होता, व प्रतिस्पर्धी ब्रुनेलेस्कीच्या फलकाहून सुमारें सात किलो हलका. निर्णय एकमतानें झाला, असें गिबर्ती लिहितो. काम दोघांस मिळून देऊं केलें होतें, परंतु ब्रुनेलेस्कीनें तें नाकारलें, असें त्याचा चरित्रकार म्हणतो.

पहिलें दार, २८ फलकांचें, १४२४ सालीं पुरें झालें. दुसरें १४२५ मध्यें हातीं घेतलें. त्याचे सोन्याचा मुलामा दिलेले १० फलक पुरे होण्यास १४५२ साल उजाडलें. तीनच वर्षांनीं गिबर्ती वारला. दोनातेल्लो, उच्चेल्लो यांच्यासारखे कलावंत त्याच्याच कारखान्यांत काम करून गेले. हें दुसरें दार स्वर्गद्वारीं शोभेल, असे उद्गार मायकेलएंजेलोनें काढल्याचें वासारी सांगतो. १९६६ च्या महापुरांत त्याचे कांहीं फलक उखडले. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१२ पासून मूळ दार संग्रहालयांत असून मंदिरास प्रतिकृति बसविली आहे.

आणि ब्रुनेलेस्की? तो वास्तुविद्येकडे वळला. बाप्तिस्मा-मंदिरासमोरच्या महामंदिराचा प्रचंड घुमट त्यानें १४२० ते १४३६ या काळांत उभारला.

घरांत एका मुलाचा पहिला क्रमांक यावा व दुसऱ्याचा हुकावा, हें नेहमींचेंच आहे. अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं पहिल्यास गिबर्तीचीं पुढचीं पन्नास वर्षें सांगावींत आणि दुसऱ्यास तो घुमट. दोघांची तुलना मात्र जेवणाच्या पंगतींत करूं नये. त्यानें दोघांचेंही नुकसान होतें.