प्रवासाला निघण्यापूर्वी

अशोक विजयादशमी जवळ आली की कापूरहोळच्या फाट्यावर दीक्षाभूमीच्या प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. भाकरी, चटणी, अंथरूण सारे बांधले जाते. विम्याची आठवण मात्र कुणाला होत नाही.

रेल्वेचे ऑनलाईन आरक्षण करताना विमा हवा का, असे विचारतात. 2016 पासून ही सोय आहे. हप्ता माणशी एक रुपयाहूनही कमी आणि रेल्वे अपघातात मृत्यू आल्यास कुटुंबाला 10 लाख रुपये. तिकीट निघाल्यावर मोबाईलवर संदेश येतो, त्यातून वारसाचे नाव भरायचे असते. आमचे बांधव नेमके तेच विसरतात. मग घरच्या बाईला वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. खिडकीवरच्या तिकिटाला हा विमा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रस्त्याने जाणाऱ्यांनी काय करावे? बँकेत खाते असलेल्या 18 ते 70 वर्षांच्या प्रत्येकाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. वर्षाला 20 रुपये. अपघात प्रवासात होवो की कामावर, मृत्यू आल्यास वारसाला 2 लाख मिळतात. मुदत 31 मेला संपते. तेव्हा खात्यात पैसे असू द्यावेत.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले होते. त्यांच्या लेकरांनी 20 रुपयांसाठी मागे राहू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

जयभीम!